रूथबाईंची न वाचलेली दोन पानं

रूथबाई,

तुमच्या शेवटच्या कपड्यांना मी एकही गाठ मारलेली नाही. तुमच्या साहेबांनी तसं बजावलं होतं. पांढरं सुती कापड, हातशिलाई, खिसा नको, बटण नको आणि दोऱ्याला गाठ नको. मी म्हटलं, "गाठ नाही मारली तर टाके सुटतील, साहेब." ते म्हणाले, "सुटायलाच हवेत गं," आणि तोंड फिरवून खिडकीपाशी गेले. आमच्यात कफन शिवतच नाहीत, नुसतं गुंडाळतात. त्यामुळे गेलेल्या माणसासाठी सुई हातात धरायची माझी ही पहिलीच वेळ. दोऱ्याचं टोक आलं की माझी बोटं आपोआप गाठीसाठी वळायची. मी ती सरळ करायची. तुमच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तुमचा चष्मा बाजूला सारून, मी तुमचा सदरा शिवला.

मनामातल्या तुमच्या लोकांपैकी दोन म्हाताऱ्या बायका तुम्हाला न्हाऊ घालायला आल्या होत्या. त्या अरबी बोलत होत्या. मी दाराबाहेर उभी राहून कपडे आत दिले. त्यांतल्या एकीने शिवण बोटांनी चाचपून बघितली, मग माझ्या गालाला हात लावला. तेव्हा मला रडू आलं नाही. मआमीरला घरी आले, मशीनवर कुणाच्या तरी मुलाची शाळेची पँट अर्धी राहिली होती, तिच्या टाक्याला गाठ मारली आणि मग रडले.

हे मी कुणाला दाखवणार नाही. चौथीनंतर सलग असं काही लिहायची वेळ माझ्यावर आलेली नाही. पण आपलं बोलणं अर्धं राहिलंय. तुम्ही मला नेहमी म्हणायचात, "तोंडात टाचण्या धरून बोलतेस की काय गं बाय? मोकळं बोल की." आता टाचण्या काढल्या आहेत. ऐका.

आपले शुक्रवार तुम्हाला काय सांगायचे, पण मलाच ते पुन्हा बघायचे आहेत. इक्बालभाई आपल्या गाडीतून त्यांच्या रेहानला, मला, माझ्या सानियाला आणि आमच्या बाजूच्या आणखी दोन-तीन मुलांना बुदैयाला तुमच्याकडे गोष्ट ऐकायला घेऊन यायचे. चिपळूणचा माणूस, इथे आखातात दिवसभर कंपनीत क्लार्कचं काम, एकच सुट्टीचा दिवस, तरी कधी कुरकुर नाही. "माझा पोरगा आजीशी फोनवर मराठीत दोन शब्द बोलला, भाभी, माझं पेट्रोल वसूल झालं," असं म्हणायचे. आमच्याकडे वाळत घातलेल्या कपड्यांनाही कारखान्याचा वास लागतो. तुमच्याकडे खिडकीबाहेर खजुरीची बाग होती. मुलं गाडीतून उतरली की आधी तिकडे पळायची आणि तुम्ही जिन्यातून ओरडायचात, "आधी पुस्तक, मग माकडपणा!" आर्याला तिची आई वेगळी सोडायची. ते पुण्याचे, बँकेतले. आर्या बाकीच्यांपेक्षा मोठी, म्हणून तिला वाटायचं पानं उलटायचा हक्क तिचाच.

तुमची वाचायची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. पुस्तकाचं तोंड मुलांकडे करून ते मांडीवर धरायचात आणि स्वतः वरून वाकून उलटी अक्षरं वाचायचात. इंग्रजीतलं मनात वाचायचं आणि तोंडाने मराठीत सांगायचं. मुलं इंग्रजीत विचारायची, तुम्ही मराठीत उत्तर द्यायचात, आणि त्यांना ते कळायचं. मी मागे तुमच्या लाडूंचा डबा घेऊन बसायचे. चित्र सुलटं दिसायचं ते मुलांना आणि मला. म्हणून सगळं झाल्यावर तुम्ही मला विचारायचात, "आज काय दिसलं?" आधी मला वाटायचं, थट्टा करता. मग कळलं की खरंच विचारता. मी सांगायचे, त्या म्हाताऱ्याच्या पायात दोन वेगळ्या चपला होत्या, किंवा मागच्या खिडकीत कुणीतरी बाई उभी होती. तुम्ही पुस्तक फिरवून बघायचात आणि म्हणायचात, "अगं हो की!"

आणि ऊन उतरायला लागलं की तुमची घाई सुरू. "यल्ला, खलास, घरी पळा!" सगळ्यांना वाटायचं तुम्हाला चर्चला जायचं असतं, इथे चर्चही सुट्टीच्या वारी, शुक्रवारीच. नाव रूथ, अंगात लांब झगा, कपाळ मोकळं. एवढ्यावर सगळ्यांनी तुम्हाला ख्रिश्चन ठरवून टाकलं होतं. तुम्हीही कधी कुणाला हटकलं नाहीत.

मग ते पुस्तक आलं. लंडनच्या भाचीने पाठवलेलं. राख आणि माती यांच्याच रंगातलं. तुम्ही ते माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "घरी ने. आत मुलांच्या अंगात कोट आहेत, तसे आपल्या मुलांना शिवून दे. आतून अस्तराला चोरखिसे हवेत. आधी कोट घालू, मग गोष्ट सुरू करू."

मी पुस्तक घरी नेलं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण चित्रं मी सगळी बघितली. एक भिंत. भिंतीला खाली भोक. भोकातून सरपटत जाणारी मुलगी, कोटाच्या अस्तरात पाव. तळघरात मेणबत्ती लावून बारक्यांना शिकवणारी तीच मुलगी. बाटल्या वाहणारी मोठी पोरं. आग. आणि शेवटची दोन पानं. एकावर गटाराचं काळं पाणी कमरेपर्यंत आणि तिच्या पाठीवर एक लहान मूल. दुसऱ्यावर नुसता वरचा रस्ता, रस्त्यात लोखंडी झाकण, आणि त्यावरून चालणाऱ्या लोकांचे बूट. ते पान बघून मी पुस्तक मिटलं आणि सानियाचा हात लागणार नाही असं कपाटावर ठेवलं.

पण त्या मुलांच्या कोटांवर छातीशी एक पिवळी चांदणी होती. प्रत्येकाच्या. मला वाटलं शाळेची खूण असेल, किंवा चांगल्या कामाचं बक्षीस. सानियाच्या शाळेत टीचर वहीवर देतात तशी. मी तपकिरी पडद्याच्या कापडाचे कोट शिवले, चोरखिसे केले, आणि ईदच्या शराऱ्यातलं उरलेलं सोनेरी कापड काढून प्रत्येक कोटावर चांदणी लावली. कडा आत दुमडून, बारीक टाका. खूप सुबक झाल्या होत्या. मी मनात खूश होते.

गुरुवारी तुम्हाला कोट दाखवायला आणले. तुम्ही पहिला कोट उचललात आणि तसाच धरून राहिलात.

"हे का लावलंस, बाय?"

"चित्रात होतं."

"छान दिसतं म्हणून?"

"हो. सोनेरी कमी पडलं असतं, पण पुरलं."

तुम्ही खुर्चीत बसलात. कोट मांडीवर. चांदणीवरून बोट फिरवत म्हणालात, "हे त्यांनी हौसेने नव्हतं लावलं गं. लावायला लावलं होतं. नाही लावलं तर मारायचे. रस्त्यात लांबून ओळखू यावं, कोणाला पकडायचं ते. आणि शिवायला लावायचे कोणाला, तर घरातल्या बायकांना. आमच्या बायकांनी आपल्याच पोरांच्या कपड्यांना हे स्वतःच्या हातांनी शिवलं."

मी कात्री काढली आणि तिथेच उसवायला बसले. तुम्ही म्हणालात, "थांब." मग म्हणालात, "नको थांबू." मग परत, "थांब." मी खाली मान घालून उसवत होते. दोनतीन कोट झाल्यावर तुम्ही एकदम म्हणालात,

"मी आत्ता 'आमच्या बायका' म्हटलं. तू दचकली नाहीस."

मी पुढचा टाका उसवला.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"कोळंबीपासून," मी म्हटलं.

पहिल्याच वर्षी मी तुमच्यासाठी कोळंबीची खिचडी आणली होती. तुम्ही म्हणालात, ऍलर्जी आहे. दुसऱ्या वेळी खेकडे, तेव्हाही ऍलर्जी. सुरमई आणली तर मात्र काटे चोखून खाल्लीत. कोकणातली बाई, रेवदंड्याची, आणि कोळंबी खात नाही! शुक्रवारी दिवेलागणीची घाई करते, शनिवारी तिच्या घरी चूल पेटत नाही. आमच्या मोहल्ल्याच्या टोकाला शनवार तेल्यांचं, म्हणजे तेल गाळणाऱ्या यहुद्यांचं, घर होतं. घाणा बंद झाला होता, पण घरातली म्हातारी होती, तिलाही कोळंबी-खेकडे वर्ज्य. शनिवारी ती आम्हा पोरांना हाक मारून स्वतःचा दिवा बंद करायला लावायची. मला काय कळायचं बाकी होतं?

तुम्ही हसायला लागलात ते खोकला येईपर्यंत. "एवढी वर्षं! आणि मी आपली ऍलर्जी, ऍलर्जी! मेले, एकदा तरी बोलायचंस!" तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मीही हसत होते, हातात कात्री, मांडीवर त्या चांदण्या. आपण दोघी इतक्या हसलो याची मला नंतर भीती वाटली.

चांदण्या निघाल्या पण खुणा राहिल्या. सोनेरी कापडासाठी मी जाड सुई घेतली होती, तिची भोकं पडद्याच्या कापडात उठून दिसत होती. दुसऱ्या दिवशी मुलांनी कोट घातले आणि रेहानने लगेच छातीवर बोट ठेवून विचारलं, इथे काय होतं?

मला वाटलं तुम्ही टाळाल. तुम्ही टाळलं नाहीत. सगळं सांगितलंत, तुमच्या पद्धतीने, आवाज न वाढवता. आर्या म्हणाली, म्हणजे वाईट माणसं ओळखायला का? तुम्ही म्हणालात, "वाईट नव्हे. ज्यांना मारायचं ठरवलंय ती." रेहान म्हणाला, मग ते काढून का नाही टाकायचे? आणि तुम्ही त्याच्याकडे असं बघितलंत, जसं काही त्याच प्रश्नासाठी तुम्ही हे दुकान मांडलं होतं.

"काही जण काढायचे. ही मुलगी काढायची. काढायचं, भोकातून जायचं, पाव आणायचा, परत लावायचं. चांदणी नसताना पकडली तर तिथेच खलास. लढाई म्हणजे नुसती बंदूक नाही रे. जुलेखामावशीने काल उसवलं ना, तसं उसवणं हीसुद्धा त्या वेळी लढाई होती."

मी मागे बसून लाडवांच्या डब्याचं झाकण उगीच लावत-काढत राहिले.

पुढचे काही शुक्रवार टेबलाखाली ते भिंतीचं भोक झालं, मुलं अस्तरात उकडलेले बटाटे लपवून सरपटली, हसली, भांडली. तळघराच्या पानाशी आलो तेव्हा मी नंतर तुम्हाला विचारलं होतं, "मरण दाराशी आहे, आणि ही पाढे कसले शिकवते? त्यापेक्षा पोरांना जवळ घेऊन बसायचं." तुम्ही म्हणालात, "तुझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा तुला कुणी विचारलं होतं?" मी नाही म्हटलं. "कुणीतरी ठरवलं, हिला पुढचं नको. या पोरांच्या बाबतीत ठरवलं होतं की यांना उद्याच नको. ती पाढे शिकवत होती म्हणजे काय करत होती, तूच सांग."

मी तेव्हा सांगितलं नाही. मला वाटतं ती त्यांच्या हातात उद्याचा गृहपाठ देत होती. बरोबर आहे का?

आगीच्या पानावर रेहानने विचारलं, "हू वन?" कोण जिंकलं? त्याला व्हिडिओ गेमची सवय. तुम्ही म्हणालात, "ती पोरं नाही जिंकली. बहुतेक सगळी मेली." सानियाने माझ्याकडे वळून बघितलं. कुणीतरी म्हणालं, मग काय उपयोग? तुम्ही म्हणालात, "मला नाही माहीत. मी पण तेच विचारते." त्या दिवशी मला तुमचा राग आला होता, बाई. मुलांना काहीतरी द्यायला हवं होतं घरी न्यायला. आता वाटतं, खोटं काही दिलं नाहीत हे बरं.

त्याच संध्याकाळी इक्बालभाई वर आले. नेहमी ते खाली गाडीतच थांबायचे. दारातच उभे राहिले.

"बाई, राग मानू नका. पण आत्ता हे? टीव्हीवर गाझातली पोरं बघताय ना तुम्ही? माझा रेहान ते बघून झोपत नाही. आणि इथे येऊन ह्या लोकांच्या गोष्टी ऐकतो."

"बघते, इक्बालभाई. रोज बघते."

"मग? तुम्ही ख्रिश्चन माणूस, तुम्हाला काय त्यांचं पडलंय?"

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तुमचे ओठ उघडले ते मी पाहिलं. आतून सगळं वर आलं होतं ते पाहिलं. रेहान तुमच्या बाजूलाच उभा होता, तोंडात तुमच्या हातचा लाडू. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "पोरं कुणाचीही असोत, भाई, मला पडलेलंच असतं."

ते गेल्यावर मी म्हटलं, "बरं झालं बोलला नाहीत."

"बरं नाही झालं," तुम्ही म्हणालात.

इथून आपलं भांडण सुरू झालं ते तुमच्यासोबतच संपलं. तुम्ही म्हणायचात, मुलांना सांगितल्याशिवाय शेवटची दोन पानं मी वाचणार नाही, त्या मुलीबद्दल मी तिऱ्हाइतासारखं बोलू शकत नाही. मी म्हणायचे, साहेबांची नोकरी आहे, व्हिसा आहे, कशाला? तुम्ही हसायचात. "कोणी हाकलणार नाही गं. आमच्यातले काही लोक इथे पिढ्यान् पिढ्या आहेत. इथे मेले तर पुरायला जागा आहे. आणि आमचं ऐकशील तर, आम्ही कोकणात तेल गाळत होतो, तेव्हा तिकडे पुस्तकातलं हे चाललं होतं. आमच्या अंगाला कुणी बोट लावलं नाही. तुझ्या गावच्या लोकांनी आमचे दिवे बंद करून दिले. मी तर भाग्यवान."

"मग भीती कसली वाटते?"

तुम्ही खजुरीकडे बघितलंत. "रेहान पुढच्या शुक्रवारी माझ्या हातचा लाडू घेईल की नाही, याची."

एकदा मीही बोलून गेले. माझ्या घरीही टीव्ही चालू असतो, बाई. चादरीत गुंडाळलेली लहान लहान पोरं. सानियाचे अब्बा जेवता जेवता ताट सरकवतात. मी विचारलं, "या मुलांचं पुस्तक कोण करणार?" मला वाटलं तुम्ही चिडाल. म्हणाल, दोन्ही सारखं नाही. तुम्ही रडलात. मग म्हणालात, "कुणीतरी करायलाच हवं. आलं की आणून दे. मी उलटं धरून तेही वाचीन." मी आणखी काहीतरी म्हणणार होते, तेवढ्यात मुलं आली. आता ते मला आठवतही नाही. तेव्हा फार महत्त्वाचं वाटलं होतं.

तुम्ही म्हणालात, पुढच्या शुक्रवारी सांगते. मग तुमचा दम वाढला. मग हॉस्पिटल. मग साहेबांचा फोन.

भेटायला लोक आले. साहेब दुखवट्याला जमिनीवर बसले होते, छातीशी फाडलेला शर्ट घालून. माझा हात सुईकडे गेला, तर ते म्हणाले, "राहू दे, हा फाटकाच ठेवायचा असतो." आर्याच्या आईने विचारलं, "चर्चमध्ये प्रार्थना कधी आहे?" साहेब म्हणाले, "झालं सगळं." इक्बालभाई साहेबांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "अशी ख्रिश्चन बाई पुन्हा होणे नाही." मनापासून म्हणाले ते, त्यांचे डोळे भरले होते. ते रडणं खरं होतं आणि ज्या बाईसाठी रडत होते ती ते ओळखत नव्हते. मला ते सोसवेना. पुस्तकातल्या मुलांनी आपली ओळख लपवली, कारण बाहेर बंदुका होत्या. तुमच्या दारात कोण होतं, बाई? आमचीच पोरं होती, मांडी घालून बसलेली.

सगळे गेल्यावर मी साहेबांना विचारलं, "मुलांना सांगू का?"

ते म्हणाले, "आयुष्यभर मीच तिला म्हणत आलो, आत्ता नको, नंतर सांग. आता मी कोण परवानगी देणार? तुला वाटलं तर सांग. नाही सांगितलंस तरी ती रागावणार नाही."

"रागावतील," मी म्हटलं. तुम्ही गेल्यापासून साहेब पहिल्यांदा हसले.

काल शुक्रवार होता. साहेबांचे जमिनीवर बसायचे दिवस संपले होते. तेच म्हणाले, मुलांना बोलाव, तिने असली सुट्टी कधी दिली नसती. इक्बालभाई आम्हाला घेऊन आले. काल ते खाली थांबले नाहीत. साहेबांना भेटायला वर आले आणि दाराशी, चपलांपाशी उभे राहिले. मुलं आपापल्या जागी बसली. तुमची खुर्ची कुणी हलवली नव्हती. मी तिच्यावर बसले नाही, बाजूला सतरंजीवर बसले.

"अम्मी, कोण वाचणार?" सानिया म्हणाली. "तुला तर इंग्लिश येत नाही."

"मी वाचते," आर्या म्हणाली.

"नो, माझा टर्न आहे," रेहान म्हणाला.

"आधी माझं ऐका," मी म्हटलं. एवढ्या माणसांसमोर मी कधी बोलले नाही. "रूथ आंटी ख्रिश्चन नव्हत्या. त्या यहुदी होत्या. या पुस्तकातली मुलं ज्या लोकांची आहेत, त्या लोकांच्या."

आर्या म्हणाली, "ओह."

रेहानने पुस्तकाकडे बघितलं. इंग्रजीत विचारलं, ती त्या भिंतीच्या आत होती का? मी म्हटलं, "नाही रे. त्या रेवदंड्याच्या. आपल्याकडच्याच." त्याने मान हलवली. चिपळूण आणि रेवदंडा त्याच्यासाठी एकच, फोनच्या पलीकडचं गाव. मी दाराकडे बघितलं नाही.

"बट शी नेव्हर टोल्ड अस," रेहान म्हणाला.

"सांगणार होत्या. ही दोन पानं वाचायच्या आधी."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला काहीतरी जुळत नव्हतं, तसा चेहरा. मग त्याने मराठीत विचारलं, "ती आपल्याला घाबरत होती?"

बाई, मला खोटं बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं, नाही रे बाळा, त्यांना वेळ मिळाला नाही. पण तुम्ही त्यांना आगीच्या पानावरसुद्धा खोटं सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

इक्बालभाई म्हणाले, "रेहान, चल."

"पप्पा, पानं राहिलीत."

"चल म्हटलं ना." मग माझ्याकडे न बघता, "भाभी, तुम्ही येताय?"

आमची परतायची गाडी तीच. बुदैयाहून मआमीर, सोबत सानिया आणि दुसऱ्यांची मुलं. मी म्हटलं, "नाही. पानं राहिलीत."

त्यांनी रेहानचा हात धरला. तो गेला. एका पायात चप्पल नीट बसली नव्हती, ती घासत जिना उतरल्याचा आवाज आला. आर्याने पुस्तक उघडून मांडीवर घेतलं होतं, आमच्याकडे तोंड करून, तुमच्यासारखं, पण तिला उलटं वाचता येत नव्हतं, म्हणून ती मान वाकडी करून वाचत होती. खिडकी उघडी होती. खालून रेहानचा आवाज आला. तो अजून मराठीतच बोलत होता.

"पण पप्पा, आपण तिला काय करणार होतो?"

इक्बालभाईंचं उत्तर ऐकू आलं नाही. आर्या वाचायची थांबली होती. आम्ही सगळेच ऐकत होतो. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. लावल्याचा मात्र बराच वेळ आला नाही.